तीस जणांची चिचा

डोंगरमाथ्यावरच्या कुरणात तळं खणलं, तर पाणी मुरून हल्लीच्या आखूड पावसाळ्यातही खाली हसिंताच्या शेतातला झरा टिकणार होता आणि तिचे बटाटे जगणार होते. कुरणाचा मालक तिबुर्सियो मात्र अडून बसला: “गवत बुडालं तर लोकरीसाठी पाळलेल्या माझ्या अल्पाकांनी काय बेडूक खायचे?” एका सकाळी हसिंता तीस माणसं घेऊन त्याचे बटाटे काढायला हजर. तिबुर्सियो हरखला. त्याने सगळ्यांना चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, पाजली आणि तिथेच फसला. आमच्याकडे चिचा पाजली की काम स्वीकारलं; मग प्रत्येकाच्या शेतात एकेक दिवस राबून ते फेडायचं. “काका, सुरुवात माझ्यापासून करता?” हसिंताने विचारलं. तिबुर्सियोने तीस डोकी मोजली, कंबर चोळली. “बये, खण तुझं तळं, पण मला सोड!” झरा टिकला. कुरण तिबुर्सियोचं गेलं, पण खणणाऱ्यांना जेवू घालायचं जमिनीच्या मालकानेच, म्हणून आठवडाभर तीस तोंडांसाठी चूल फुंकली त्याच्या बायकोने.