एकतीस जून

श्यामलानं गोळ्यांची पट्टी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी. पट्टी मागच्या गुरुवारी आणलेली आणि आज शनिवार.

"आप्पा, बीपीची गोळी घेत नाही तुम्ही?"

"सोडली की. नऊ दिवस झाले." वडील खुर्चीत बसून कपाळ दाबत होते. "आणखी दोनच दिवस. अकरा दिवस सकाळी कढीपत्त्याचं पाणी प्यायचं, गोळी कायमची सुटते. स्वल्प डोकं दुखतंय, पण ते दुखणारच म्हणून लिहिलंय."

श्यामला पट्टी हातात धरून त्यांच्याकडे वळली. कढीपत्ता तिचा होता. अकरा दिवसही तिचेच.

बसवनगुडीतल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. कुठल्या माहितीवर विश्वास ठेवावा आणि कुठल्या नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा पाच तासांचा कार्यक्रम ती दोन महिने आखत होती. तिसऱ्या तासाला मुलांच्या हाती एक खोटं आरोग्यपत्रक द्यायचं आणि त्यातल्या खोडी त्यांनी हुडकायच्या, अशी तिची योजना. पत्रक तिनं स्वतः रचलं, चांगलं मन लावून रचलं. तिचा सहकारी जयतीर्थ म्हणाला होता, "मॅडम, खाली बारीक अक्षरात 'नमुना' असं तरी छापा." त्यावर ही फणकारली होती, "छापलं तर पोरं हुडकणार काय, कपाळ?" आणि मग पत्रकांचा गठ्ठा घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवून दिला होता. शहाणी!

तिनं आप्पाजींच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ब्याण्णव. तिनं पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याण्णव.

"आधी ही गोळी घ्या. मग दवाखान्यात जाऊ. मी रिक्षा बोलावते."

"छे, छे! मध्येच गोळी घेतली तर अर्धांग होतं. शेवटची ओळ वाच की."

ती ओळ तिला पाठ होती. खोट्या पत्रकात एक तरी धमकी असतेच, म्हणून तिनं ती मुद्दाम घातली होती आणि घातल्यावर स्वतःवरच खूश झाली होती.

"आप्पा, तो कागद खोटा आहे."

"खोटा कसा? तूच शिकवलंस की मला. कोण सांगतंय, कधी सांगितलंय, त्यात कुणाचा फायदा. कोण सांगतंय ते पहिल्यांदा बघितलं. तुझ्या कॉलेजचा कागद, तुझ्या गठ्ठ्यातला. आणखी कोण पाहिजे?"

"तारीख बघितलीत? एकतीस जून! असतो का कधी एकतीस जून?"

आप्पाजींनी खिशातून घडी केलेलं पत्रक काढून तिच्यापुढे धरलं. एकतीस लाल पेनानं खोडून त्यावर तीस केलेलं होतं. "छापताना चूक झाली असेल म्हटलं. गठ्ठ्यातली सगळी दुरुस्त करून ठेवलीत. पोरांपुढं तुझं हसं नको."

श्यामलाला रडू यायला लागलं, पण आता रडून भागणार नव्हतं. आप्पाजींचे डोळे तांबारले होते.

"ते मी लिहिलंय, आप्पा. त्यातला डॉक्टर खरा नाही, हॉस्पिटल खरं नाही, कढीपत्त्याचं काही नाही. सगळं मी मनानं रचलं. पोरं फसतात का बघायला."

आप्पाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चिकोडीच्या बस डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होते ते. खोटी कारणं सांगणारे ड्रायव्हर त्यांनी ढिगानं पाहिले होते.

"तू लिहिलंस?"

"होय."

"खोटं?"

"होय, आप्पा. आता घ्या ना गोळी. पाया पडते तुमच्या."

त्यांनी गोळी हातात घेतली. तोंडाजवळ नेली आणि थांबले. "ही घे म्हणून कोण सांगतंय?"

"मी सांगतेय."

"तू." त्यांनी गोळी टेबलावर ठेवली. "आपल्या पवित्रा डॉक्टरना फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

सगळ्यांना म्हणजे कुणाला? घरात ही दोघंच. तिनं स्पीकर चालू करून फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात आप्पाजींनी डोळे मिटून मान मागं टाकली. तिसऱ्यांदा डॉक्टरांचा आवाज आला. श्यामलानं भराभर सगळं सांगितलं. डॉक्टर कन्नडमध्ये ओरडल्याच. आधी गोळी द्या, या क्षणी, आणि तसेच इकडे घेऊन या.

"डॉक्टर, हे तुमचं तुम्ही सांगताय ना?" डोळे न उघडता आप्पाजींनी विचारलं. "हिनं सांगायला लावलं नाही ना?"

"नाही हो अंकल! घ्या लवकर!"

"सरी, बरं," म्हणून त्यांनी गोळी गिळली.

श्यामलानं फोन ठेवून रिक्षा बोलावली. सांगणाऱ्यावर जाऊ नका, दुसरीकडे पडताळून पाहा. पाचव्या तासाअखेर मुलांना एवढं जमलं की कार्यक्रम सुफळ, असं तिनंच आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

खाली रिक्षा येऊन थांबली. इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन मजले उतरायचे म्हणजे आप्पाजी रोज तिच्या खांद्यावर हात टाकून उतरत. ती दाराशी गेली आणि सवयीनं खांदा वाकवून उभी राहिली.

आप्पाजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पहिली पायरी उतरले.