लाल बनियानवाल्याची उडी

लाल बनियानवाला पुलाच्या टोकाशी आला आणि त्याला रडू फुटलं. पण व्हिडिओ गेममधल्या बहाद्दराला रडायची सोय नसते, म्हणून तो नुसता जागच्या जागी डुलत राहिला. नऊ वर्षं झाली. रोज शे-दोनशे वेळा हाच पूल, पुलाच्या मधोमध हीच फट, आणि धाडकन खाली. पोरं त्यालाच शिव्या घालत निघून जायची.

खरं सांगायचं तर कित्येक वर्षं तो मन लावून उडी मारतच नव्हता. मारावी तरी काऊन? मालक बाबूभाईने हे गेमचं दुकान टाकलं तेव्हाच खेळाच्या पेटीची मागची फळी उघडून आतला एक बारीक खटका खाली ओढून ठेवला होता. तेवढ्याने फट रुंद झाली, खेळ लवकर संपायला लागला आणि दुकान जोरात चाललं. ऊर्जानगरच्या रस्त्यावरच्या त्या दुकानात पुलापलीकडे काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. बिचाऱ्या लाल बनियानवाल्यानेसुद्धा नाही. त्याला सुख एकच, लाइन जाणं. लाइन गेली की सगळा अंधार, आणि अंधारात मरावं लागत नाही.

आज दुपारी मात्र समोर पोरं नव्हती, खुद्द बाबूभाई बसला होता. दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला आणि त्याचा उजवा हात लाकूड होऊन बसला. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून त्याच्या बायकोने, हाजराने, त्याचं बोट उचलून उडीच्या बटनावर ठेवलं होतं. हँडल ती स्वतः फिरवत होती.

"दाबा ना जी!"

बोट हललं नाही. लाल बनियानवाला पडला. पुन्हा आला, पुन्हा पडला. पडता पडता त्याला बरं वाटलं. घे म्हणावं, चाख आपल्याच खटक्याची चव!

"राहू दे हाजरा," बाबूभाई म्हणाला. "नऊ साल मीच ह्याले पाडून राह्यलो होतो. आता हा मले पाडते. उद्या भंगारवाल्याले बोलाव. पेटी बी दे, अन् हा हात बी देऊन टाक."

"काई बी बोलता!" हाजराने ओढणीने त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. "एक डाव बाकी हाये. दाबा."

पुलाच्या टोकाशी उभं राहून लाल बनियानवाल्याने पहिल्यांदाच काचेबाहेर नीट पाहिलं. बाबूभाईने दात घट्ट आवळले होते. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तोही जागच्या जागी डुलत होता. इतकं थकलेलं तोंड लाल बनियानवाल्याला परकं नव्हतं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मुद्दाम अर्धी उडी मारल्याची त्याला लाज वाटली.

मागून पुलाच्या फळ्या एकेक करून कोसळायला लागल्या. तो हलला नाही. थांबतो मी, म्हणाला, पण तू दाब रे बाबा.

बोट थरथरलं. बटन जेमतेम दबलं. एवढ्याशा दाबाला एरवी त्याने भीक घातली नसती. आज मात्र नऊ वर्षांचा सगळा जोर पायांत आणून त्याने उडी घेतली.

पायाखाली फळी लागली. पलीकडची! समोर एक झाड होतं, आणि झाडाखाली उघड्या दाराचं एक लहानसं घर.

"अल्ला! हाल्लं!" हाजरा ओरडली. "बोट हाल्लं जी तुमचं!"

आणि लाइन गेली.

"मेली लाइन!" हाजरा चिडली. "आता पुन्हा पहिल्यापासून!"

"येऊ दे," बाबूभाई म्हणाला. "मी इथीच बसतो." बटनावरचं बोट त्याने काढलं नाही.

आत काळ्याकुट्ट अंधारात लाल बनियानवालाही, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, लाइन यायची वाट बघत होता.