चहा गरम असेपर्यंत

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत अध्यक्ष यशवंतराव पोतनीस पाऊण तास बोलत होते. कवळी खडखडू लागली तसा त्यांनी न बघताच हात मागे केला. पत्नी कुमुदताईंनी थर्मासमधला कढत चहा दिला. कवळी नव्या सिरॅमिकची होती, ऊब मिळाली की आकसणारी आणि गार झाली की सैल पडणारी. दोन घोटांत त्यातल्या स्फटिकांची रचना बदलली, कवळी हिरडीला घट्ट बसली आणि भाषण पुन्हा सुरू झालं.

"वहिनी, वडे गार होताहेत," चिटणीस कुजबुजले. "तुम्हीच सांगा ना त्यांना काहीतरी."

कुमुदताईंनी नुसती मान हलवली. कवळी त्यांचीही तसलीच होती. पण घरी सगळ्यांना देऊन झाल्यावर उरलेला गार चहाच त्यांच्या वाट्याला यायचा, त्यामुळे तोंड उघडलं की कवळी सुटायची. गेली तीन वर्षं घरातले सगळे त्यांच्या शांत स्वभावाचं कौतुक करत होते.

यशवंतरावांचा हात पुन्हा मागे आला. थर्मासमध्ये शेवटचा कप उरला होता.

कुमुदताईंनी तो ओतला, फुंकर न मारता स्वतःच पिऊन टाकला आणि नवऱ्याच्या हातून माईक घेतला.

"वडे थांबतील," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझं तीन वर्षांचं साठलंय. बसा सगळे."