पदर सावरायची ढब

कीर्तनात ऐकलेलं स्वयंवराचं आख्यान संगीत नाटक होऊन ठाण्यात आलं, तेव्हा ओट्याओट्यावर त्याचीच चर्चा. विश्रामपंतांच्या मते पदं फार झाली. राजा वनवासाला निघाला तरी दारात उभा राहून गातोय. कचेरीतले हरिहरपंत मात्र नायिकेवर लुब्ध झाले होते, ते काम एक पुरुष करतो हे ठाऊक असूनही.

घरंदाज बायका तेव्हा नाटकाला जात नसत. म्हणून हरिहरपंत घरी येऊन बायकोला, वासंतीबाईंना, सगळं सांगत बसले.

"अगं, काय तो मोरपंखी शालू, आणि काय ती पदर सावरायची ढब. तुला तसा शालू आणून दिला ना, तरी तू तो नुसता गुंडाळून घेशील."

"खरं आहे," ताक घुसळता घुसळता वासंतीबाई म्हणाल्या.

सकाळी पंत पायांत जोडे चढवत होते, तेवढ्यात शेजारी उतरलेला नाटक कंपनीतला एक तरुण नट अंगणात आला. पंतांना नमस्कार करून तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि हातातलं गाठोडं त्याने उंबऱ्यावर ठेवलं.

"काकू, तुमच्या लग्नातला शालू. कल्याणच्या खेळाला तिथल्याच कोणाचा तरी मागून घेऊ. तेवढं पदर सावरायचं मात्र पुन्हा एकदा दाखवा, काल काही तुमच्यासारखं जमलं नाही."