डावी बाही

टिचकी शिंपिणीनं चष्मा नाकावर सरकवला आणि पानं पुढ्यात ओढली. दुकानात दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग पडला होता, तरी मशीन बंद होतं. समोरच्या स्टुलावर बाई अंग चोरून बसल्या होत्या. शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून तीस वर्षं पोरींना धाकात ठेवलं, आणि आज बालमैत्रिणीपुढे त्यांचाच जीव टांगणीला लागला होता. आपल्या आत्मचरित्रातलं हे प्रकरण तिनं नको म्हटलं, तर ते छापायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

टिचकी ओळीखाली बोट धरून वाचत होती. शेवटची परीक्षा. शेजारी शेजारी दोन मशीनं. एकीला फ्रॉकची बाही काही केल्या बसेना, रडायची वेळ आली. परीक्षकांची पाठ वळताच दुसरीनं तो फ्रॉक ओढून घेतला, बाह्या लावल्या आणि गुपचूप परत सरकवला. मग पाच मिनिटांत स्वतःचा उरकताना तिची डावी बाही उजवीकडे लागली. पहिली पास झाली. दुसरी नापास.

"इतकी वर्षं ब्र काढला नाहीस," टिचकी म्हणाली, "आणि आता एकदम दवंडी?"

"चुकलंच माझं. त्या खुर्चीत बसले की रोज वाटायचं, ही हिची खुर्ची." बाईंनी पानांकडे हात नेला. "तू नको म्हण, आत्ता फाडते पानं."

"फाडतेस कशाला? खरंच आहे की सगळं." टिचकीनं पानावर बोट आपटलं. "पण ही 'वर्गातली एक मुलगी' कोण गं?"

"नापास झालीस ते चारचौघांत नको, म्हणून नाव गाळलं."

"वा गं वा! माझ्या हातच्या बाह्यांना पैकीच्या पैकी गुण पडले, आणि मी नुसती 'एक मुलगी'?"

तिनं मशीनवरचा निळा खडू उचलला, ते शब्द खोडले आणि वर ठसठशीत लिहिलं: टिचकी.

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. फार दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "अगं, खडू आहे हा. छापखान्यात जाईपर्यंत पुसला जाईल."

"मग शाईनं गिरव." टिचकीनं ढिगातला एक सदरा ओढला आणि मशीनकडे वळली. "एवढं तरी स्वतःच्या हातानं कर, बाई."