वादळाच्या तोंडावर वाळवण

शिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं घेऊन महालक्ष्मी गच्चीवर आल्या आणि तिथल्या सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

गच्चीवर ‘मळै मंडळी’ जमली होती. मळै म्हणजे तमिळमध्ये पाऊस. चेन्नईजवळच्या आवडी गावातली आणि आसपासची ही हवामानवेडी माणसं मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून मोबाइलमध्ये बंगालच्या उपसागरावरचा एक पांढरा ठिपका बघत होती. मोसमातलं पहिलं वादळ तिथे आकार घेत होतं. वादळ येणार म्हटलं की शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. ही मंडळी ते यावं म्हणून वाट बघत बसली होती.

महालक्ष्मी म्हणजे मंडळीचे म्होरके चंद्रमौळी यांच्या पत्नी. घराणं तंजावरकडचं मराठी. चंद्रमौळी कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून रोज सकाळी ग्रुपवर ‘आजचा अंदाज’ टाकणं हेच त्यांचं काम, आणि त्यावर त्यांचा नोकरीपेक्षा जास्त जीव. अडचण एवढीच, की त्यांचा पाऊस दरवेळी चेन्नईला हुलकावणी देऊन आंध्रात उतरे. मागच्या खेपेला लोक फारच हसले. म्हणून या वादळाची चाहूल लागताच चंद्रमौळींनी तिरीमिरीत जाहीर करून टाकलं: रविवारी माझ्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात पाणी पडलं नाही, तर सोमवारपासून अंदाज मंडळीतला अनय देईल.

आता रविवार अर्धा सरला होता. अनय सांगलीचा, ओरगडमच्या ट्रक कारखान्यात इंजिनिअर. त्याला बिचाऱ्याला म्हाताऱ्याचं काम नकोच होतं, पण मोबाइल काही त्याच्या मनासारखं दाखवत नव्हता.

“मामा,” तो इथल्या रीतीनं म्हणाला, “वादळ रात्रीतून वळलंय. सगळी मॉडेलं पुन्हा आंध्रच, नेल्लूर दाखवतायत.”

“मॉडेलें काय आवडींत राहतात?” चंद्रमौळी म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

नेमक्या अशा वेळी महालक्ष्मी वडाम घालायला आल्या. वडाम म्हणजे साबुदाण्याच्या पापड्या. उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि वर्षभर तळून खायच्या. त्यांनी पर्जन्यमापकाच्या शेजारीच नवऱ्याची जुनी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं पांढरं धोतर, अंथरली आणि पळीपळीनं वडाम घालायला सुरुवात केली. एरवी वाळवण घालायचं तर त्यांचा केवढा थाट असे. आधी चारदा आभाळ बघायचं, कापडाच्या कडांवर दगड ठेवायचे, कावळ्यांना बुजवायला काळी छत्री उघडून ठेवायची. आज यातलं काहीच नव्हतं.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून विशालाक्षीनं तमिळमध्ये विचारलं, “काय मामी, पाऊस नाही ना आज?” महालक्ष्मींनी नुसती पळी फिरवली. विशालाक्षीला तेवढं पुरलं. हवामानवाल्याची बायकोच वाळवण घालते म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं? बघता बघता तिची चटई अंथरली गेली, मग तिच्या शेजारणीची. गल्लीतल्या गच्च्या एकेक करून पांढऱ्या झाल्या.

चंद्रमौळींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक हसले, ठीक आहे. लोकांना दुसरं काम काय? पण ज्या बाईला रोजचा अंदाज ग्रुपच्याही आधी, कॉफी पिता पिता वाचून दाखवला, तिनं भर मंडळीत हे असं करावं? ते तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “तुलाही भरवसा नहीं?”

“बाजूला व्हा,” महालक्ष्मी म्हणाल्या. “वेष्टीवर पाय पडतो.”

मंडळीतले एकदोघे खोकले. अनय उगाचच पाण्याच्या टाकीचं झाकण बघू लागला. चंद्रमौळी कठड्याशी जाऊन बसले, मोबाइल काढला आणि एका बोटानं लिहू लागले, ‘मंडळींनो, उद्यापासून आजचा अंदाज’. पुढचा शब्द काही केल्या उमटेना. त्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसला, तरी स्क्रीन ओलीच. पुन्हा पुसला, आणि मग स्क्रीनवर टपकन आणखी एक थेंब पडला. हा त्यांचा नव्हता.

वारा फिरला. पूर्वेकडून काळं आभाळ चढत आलं. वादळ निघालं होतं नेल्लूरलाच, पण जाता जाता त्याचा एक पदर आवडीवरून गेला. पर्जन्यमापकात टपटप सुरू झाली आणि अंगात आल्यासारखी मंडळी नाचू लागली. समोरच्या गच्च्यांवर आरडाओरडा झाला, चटया गुंडाळल्या जाऊ लागल्या, आणि विशालाक्षीनं महालक्ष्मींकडे अशी नजर टाकली की पुढचा महिनाभर त्यांना तिच्याकडून कढीपत्ताही मिळणार नव्हता.

अनय वेष्टीचं टोक धरायला धावला.

“राहूं दे, तंबी,” महालक्ष्मी धाकट्या भावाला सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या. “हात लावूं नको.”

त्या पातेलं कडेवर घेऊन भिजत उभ्या होत्या. समोर वडामांची पुन्हा खीर होत होती. चंद्रमौळी त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. आनंद झाला होता, पण घाव काही भरला नव्हता.

“मळै येणार म्हणून सांगिटलों होतों कीं मी,” ते म्हणाले. “तरी कां घातलींस वडाम?”

“तुम्हीं सांगिटलांत ते मंडळीला,” महालक्ष्मी म्हणाल्या. “मळैला कोण सांगणार? मी वडाम घातल्याशिवाय ती कधीं आलीय?”