गुरुजींनी ठेवलेलं नाव

हरिहर गुरुजी सगुणाच्या अंगणात आले तेव्हा भर दुपार होती आणि ती एकटीच सुकी मासळी निवडत बसली होती. एकटी आहे हे पाहून त्यांना हायसं वाटलं. टांगा त्यांनी मुद्दामच लांब बाभळीखाली उभा केला होता. टांग्यात त्यांच्या सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या मांडीवर गुरुजींचं मूल. उद्या त्याचं बारसं होतं.

"अगो बाय, गुरुजी!" सगुणा गडबडीनं उठली. पदराला हात पुसत तिनं ओटीवर घोंगडी अंथरली. "उन्हाचे कशाला आलाव? शाळंला तर सुट्टी ना आज?"

"सहज आलो."

टेंभी नाक्यावरून टांगा करून या खाडीकाठच्या गावात भर दुपारी कोणी सहज येत नाही. पण सगुणाला तसलं काही विचारायचं सुचलं नाही. गुरुजी आपल्या दारी आले, एवढ्यानंच तिचं पोट भरलं.

ओटीवर झोळीत तिची नात निजली होती. गुरुजींनी तिकडे बघायचं टाळलं.

"तुमी सांगलेला तोच नाव ठेवला बरं का," सगुणा म्हणाली. "संजीवनी."

सगुणाच्या लेकीची, लक्ष्मीची, पहिली दोन मुलं गेलेली. अशा घरात तिसरं जन्मलं की त्याला उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या जातीतल्या लेकुरवाळीनं ते उचलायचं, मला सापडलं म्हणायचं, उकिरडी नाहीतर केऱ्या असं काहीतरी नाव ठेवायचं आणि आईला परत द्यायचं. टाकलेल्या पोराकडे मरणसुद्धा ढुंकून बघत नाही म्हणतात. सगुणा तेच करायला निघाली होती. गुरुजींना शाळेत कळलं आणि ते सायकल मारत थेट अंगणात आले होते. "स्वराज्यातली मुलं काय उकिरड्यातून येणार?" असं त्यांनी सगळ्या आळीसमोर विचारलं होतं. मग संजीवनी म्हणजे काय, ती कुठल्या पर्वतावरून आली, तिनं कुणाचे प्राण परत आणले, हे इतकं रंगवून सांगितलं की बायका डोळे पुसू लागल्या. गुरुजींना बोलायला आवडे. त्या दिवशी तर आपलं बोलणं त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं.

"भ्या वाटतो वो," सगुणा झोळीला हलका झोका देत म्हणाली. "रातचे उठून हिच्या नाकाशी हात धरते. शास लागला का मंग निजते. लक्ष्मी बोलते, आये, गुपचूप टाकून घेऊ एकदा. मी बोलली, नाय. गुरुजी शिकलेला मानूस. त्याला काय म्हाईत नसंल?"

गुरुजींनी कपाळावरचा घाम टिपला.

"तुमचे घरी काय झाला, गुरुजी?"

"मुलगा झाला."

"अगो बाय! नाव तर मोठा झ्याक काढला असंल."

गुरुजींच्या पहिल्या मुलाचं नाव होतं चिरायु, दुसऱ्याचं अक्षय. दोन्ही नावांचे अर्थ त्यांनी बारशाला जमलेल्यांना फोड करून सांगितले होते. दोघंही पाळण्यातच गेली. या खेपेला मुलगा झाल्याचं कळताच गुरुजी कोश घेऊन बसले, तेव्हा उत्तरा, त्यांची बायको, बाजेवरून एवढंच म्हणाली, "यावेळी तुम्ही नाव ठेवू नका."

गुरुजी राहत त्या नाक्यावर उकिरडा कुठला? म्युनिसिपालटीची कचरापेटी होती, आणि तिथं ओळखीची माणसं पावलोपावली होती. सगुणाची स्वतःची मुलं सगळी जगलेली, जात आगरी म्हणजे वेगळी, आणि बाई तोंडाची घट्ट. गुरुजींनी हा सगळा विचार करूनच टांगा सांगितला होता. लांबून मुलाच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्यांचं तोंड उघडलं.

"सगुणाबाई, टांग्यात माझा मुलगा आहे." ते सुपातल्या मासळीकडे बघत बोलत होते. "तुमच्या उकिरड्यावर त्याला ठेवलं, तर तुम्ही उचलाल का? आणि… कुणाजवळ बोलू नका."

सगुणा आधी हसली. गुरुजी थट्टा करतात असं तिला वाटलं. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला.

"म्हंजे खरा असतो तो?"

"तसं नाही. घरच्यांच्या समाधानासाठी…"

"पन तुमी आलाव ना."

ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर गुरुजींनी ते मान खाली घालून ऐकले असते. त्यांना तेच हवं होतं. पण ती चिडली नव्हती. ती झोळीकडे बघत होती. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं झोळीत हात घालून निजलेली नात उचलली, पदराखाली घेतली आणि शेजारच्या लेकुरवाळ्या कोळणीला हाक मारली. "तुळसा! ए तुळसा, भायेर ये गो बिगीबिगी!" मग ती गुरुजींकडे वळली.

"तुमचा उचलते मी, गुरुजी. जरा थांबा. पयली हिला टाकून येते."

नका करू असं, एवढंच म्हणायचं होतं. संजीवनीचा सबंध पर्वत तोंडपाठ असलेल्या गुरुजींना तेवढं म्हणता येईना. बाभळीखाली मूल रडतच होतं. ओटी अरुंद होती आणि गुरुजी नेमके पायरीशी उभे होते. सगुणाला वाट द्यायला ते बाजूला सरकले.